नेट नसलेल्या संगणकाची बेगमी

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यातल्या एका शाळेत बारा संगणकांची खोली आहे. वायरिंग नीट, इन्व्हर्टर चालू, खिडकीला जाळी, प्रत्येक संगणकावर शिवून घेतलेलं कापडी आवरण. मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा खेळांतून शिकवणारा मोफत प्रोग्राम तिथे बसवायचा होता. शहरातून त्याची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी गेलो. फाइल उघडली तर पडद्यावर उमटलं की आधी अमुक पाच पॅकेजं हवीत. आठवीतला एक मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. तो हळूच म्हणाला, ‘‘सर, नेट नही शे.’’ दुसऱ्या खेपेला ती पाच पॅकेजं नेली, तर त्या पाचांना आणखी अकरा हवी होती. तिसऱ्या खेपेला काम झालं.

त्या दोन जादा खेपा टाळता आल्या असत्या. इंटरनेट नसलेल्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवणं हे फाइल नेऊन ठेवण्याचं काम आहे, असं आपण धरून चालतो आणि तिथेच चुकतो. हे काम बेगमीचं आहे. काय लागेल, कशासोबत लागेल आणि किती दिवस पुरेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. शिरपूर तालुक्यात या प्रश्नाची दोन्ही टोकं दिसतात. शहरात २००१ पासून चालणारं आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तापीकाठी एनएमआयएमएस विद्यापीठाचा परिसर आहे. तिथल्या विद्यार्थ्याला एखादं पॅकेज हवं असेल तर तो एक ओळ टाइप करतो आणि चहाला जातो. आग्रा रोडने पळासनेरकडे किंवा आडवाटेने बोराडीकडे निघालं की पावरा आणि भिल्ल वस्त्यांच्या शाळा लागतात. मोबाइलची रेंज वर्गात नसते, पटांगणाच्या एखाद्या कोपऱ्यात असते. संगणक दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक आहे तो सॉफ्टवेअर कुठून येतं, एवढाच.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण आज अडचण वाटते ती एकेकाळी सगळ्यांचीच रोजची रीत होती. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे अनेक वर्षं देत राहिलं. भारतात लिनक्सची ओळख झालेल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणांना ती अशा सीडीमधूनच झाली. उबुंटू या लिनक्स-प्रणालीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि ‘शिपइट’ योजनेतून तिच्या सीडी जगभर फुकट, टपालखर्चही न घेता घरपोच येऊ लागल्या. एप्रिल २०११ मध्ये ती योजना बंद झाली. इंटरनेट आता सगळीकडे पोचलं आहे, अशी जगाची समजूत त्याच सुमारास घट्ट झाली. ज्यांच्याकडे ते पोचलं नव्हतं, त्यांची सीडीही गेली.

आपल्याकडे या गोष्टीचा सर्वात जिव्हाळ्याचा धडा खुद्द मराठीने दिला आहे. २००१ साली विंडोज एक्सपी आली. तिच्यात युनिकोड मराठी होती, मंगल फॉन्ट होता, पण ते सगळं झाकून ठेवलेलं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकटीत खूण करायची. खूण केली की संगणक म्हणायचा, एक्सपीची सीडी घाला. बहुतेकांकडे सीडी नव्हती. दुकानदाराने संगणक भरून दिलेला आणि सीडी त्याच्याकडेच. मग जाणत्या लोकांनी त्या सीडीतलं ‘आय३८६’ नावाचं फोल्डरच पेनड्राइव्हवर घेतलं. सीडी मागितली की संगणकाला त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, पुन्हा चालू करायचा, की जोडाक्षरं नीट जुळायची आणि वेलांटी योग्य जागी बसायची. तालुक्याची कचेरी असो, छापखाना असो की शाळा, हे फोल्डर हातोहात फिरलं. त्याआधीची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम ही सॉफ्टवेअरंही खोक्यातून यायची. श्रीलिपीसोबत तर संगणकाच्या मागे लावायचं कुलूप यायचं आणि ते हरवलं की मराठी बंद. आपली लिपी संगणकावर आली ती ऑनलाइन आली नाही, खिशातून आली. म्हणून ऑफलाइन बसवणं ही मागासलेल्यांची धडपड आहे असं कुणी म्हटलं की मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे. एक पॅकेज दुसऱ्याच्या खांद्यावर का उभं असतं?

चित्र दाखवणारा, आवाज वाजवणारा, अक्षर काढणारा कोड प्रत्येक प्रोग्रामने स्वतःचा वेगळा लिहिला तर डिस्क भरून जाईल, आणि एका ठिकाणची चूक शंभर ठिकाणी दुरुस्त करावी लागेल. म्हणून लिनक्समध्ये हे भाग सामाईक ठेवतात. प्रत्येक पॅकेजच्या पोटात एक चिठ्ठी असते: मला ही ही पॅकेजं लागतात, निदान या आवृत्तीची. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पात ‘डीपीकेजी’ हे साधन ती चिठ्ठी वाचतं आणि काही कमी असेल तर काम थांबवतं. कमी आहे ते शोधून आणत मात्र नाही. ते काम ‘अ‍ॅप्ट’चं, मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ पासून ते सोबत आहे. अ‍ॅप्ट पॅकेजांच्या कोठाराची यादी बघतं, साखळी उलगडतं आणि सगळं एका दमात आणतं. डेबियन १२ मध्ये अशी ६४ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. नेट तुटलं की अ‍ॅप्टची अक्कल तशीच राहते, पण कोठार हातातून जातं. म्हणजे खरा प्रश्न आहे, अ‍ॅप्टला दुसरं कोठार कसं दाखवायचं.

सुट्या पॅकेजसाठी उत्तर सोपं आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. पेनड्राइव्हची पहिली खेप शहराकडून गावाकडे नेऊ नये, गावाकडून शहराकडे न्यावी. बाजाराला जाताना आधी घरातले डबे उघडून बघतात आणि यादी करतात, तसं. काय आहे आणि काय कमी आहे, हे त्या संगणकालाच माहीत असतं. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने लिहिलेलं ‘अ‍ॅप्ट-ऑफलाइन’ नेमकं हेच तीन टप्प्यांत करतं: नेट नसलेल्या संगणकावर हव्या असलेल्या गोष्टींची यादीची फाइल बनवायची, नेट असलेल्या संगणकावर त्या यादीबरहुकूम माल उतरवायचा, परत येऊन बसवायचा. मधला संगणक विंडोजचा असला तरी चालतो, त्यावर पायथन असलं म्हणजे झालं. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी ‘सिनॅप्टिक’मध्ये उतरवण्याच्या पत्त्यांची फाइल काढून देण्याची सोय आहे. मी मात्र शिक्षकांना अ‍ॅप्ट-ऑफलाइनच सांगतो, कारण त्यात जुन्या पॅकेजांच्या सुरक्षा-दुरुस्त्याही त्याच खेपेत येतात.

इथे एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती माहीत नसल्याने खूप वेळ वाया जातो. पॅकेजाची फाइल हातात असेल आणि तिला लागणारी बाकीची पॅकेजं त्याच फोल्डरमध्ये असतील, तर ती एकेक करून बसवू नका. सगळी एकदम द्या. सुटी दिली तर डीपीकेजी पहिल्याच फाइलवर अडून बसतं. एकत्र दिली तर ती एकमेकांची गरज भागवतात.

विंडोजचं दुखणं वेगळं आहे. तिथे प्रोग्राम आपलं बरंचसं सामान स्वतः घेऊन येतात, म्हणून साखळीचा त्रास कमी. फसगत होते ती फाइलच्या आकारात. ब्राउझरची इवलीशी फाइल आपण हौसेने पेनड्राइव्हवर घेतो. ती फक्त निरोप्या असते, गावात पोचल्यावर नेट मागते. खरी फाइल शंभर एमबीच्या घरात असते आणि ती कंपनीच्या पानावर वेगळी शोधावी लागते. जुन्या कामाच्या प्रोग्रामांना डॉट नेट ३.५ लागतं, विंडोज १० ते ऑनलाइन शोधते आणि न मिळाल्यावर एक आकड्यांचा संदेश देऊन गप्प बसते. खरं तर तो भाग विंडोजच्याच डिस्कमध्ये ‘सोर्सेस’ फोल्डरखाली ‘एसएक्सएस’ नावाने पडलेला असतो. आय३८६ची आठवण यावी अशीच ही गोष्ट. हिशेब ठेवणाऱ्यांना माहीत असलेला एक चांगला नमुनाही आहे: टॅलीचा परवाना नेट नसलेल्या संगणकावर सुरू करता येतो. संगणक विनंतीची फाइल बनवतो, ती नेट असलेल्या संगणकावरून पाठवायची, उत्तराची फाइल परत आणायची. पुन्हा तीच रीत, पहिली खेप प्रश्नाची.

मराठी टंकलेखनाचं पुढे काय झालं? गूगलचं मराठी इनपुट साधन शाळाशाळांत लोकप्रिय होतं. काही वर्षांपूर्वी कंपनीने विंडोजसाठी ते देणं थांबवलं, पण त्याच्या जुन्या फाइली अजून पेनड्राइव्हवरून फिरतात; कुणी बांधल्या, त्यात काय मिसळलं, याचा पत्ता नाही. त्या बसवू नयेत. २०१९ च्या मे महिन्यातल्या सुधारणेपासून विंडोज १० मध्येच मराठीचा ध्वनी-आधारित कळफलक आहे आणि लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक आधीपासून येतोच.

पायथन शिकवणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांचा प्रश्न एका परिच्छेदात आटपतो. पायथनची पॅकेजं आणणाऱ्या ‘पिप’ला फक्त उतरवून ठेव असं सांगता येतं, आणि दुसऱ्या बाजूला नेटकडे बघू नकोस, या फोल्डरमधूनच घे असं सांगता येतं. अट एकच: उतरवणारा आणि बसवणारा संगणक एका जातीचे हवेत. पायथनची आवृत्ती, प्रोसेसरची जात, विंडोज की लिनक्स, हे जुळलं नाही तर फाइल असूनही पिप ती नाकारतं. लॅटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीसाठी तर काहीच शोधाशोध नको. तिच्या टेक लाइव्ह या संचाची पाच-सहा जीबीची पूर्ण डिस्क दरवर्षी निघते आणि तीत सगळं असतं.

सुट्या पॅकेजांवरून आता मोठ्या प्रश्नाकडे येतो, आणि मला सर्वात जास्त सांगायचं आहे ते इथेच. शाळेत एक संगणक नसतो, बारा-पंधरा असतात. प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावत फिरणं म्हणजे हापशावर पाणी भरणं. त्या खोलीत बघा, कोपऱ्यात टेबलाखाली एक स्विच असतो आणि बाराही संगणकांच्या केबली त्यात गेलेल्या असतात. नेट नाही म्हणजे नेटवर्क नाही असं नव्हे. बाहेरचा रस्ता बंद असला तरी वाड्यातल्या खोल्यांची दारं उघडी असतात. बारातला एक संगणक कोठार करायचा, त्यात एक टेराबाइटची डिस्क घालायची. डेबियनच्या एका आवृत्तीचा, एका जातीच्या प्रोसेसरचा सगळा साठा तीत सहज मावतो. बाकीच्या अकरांना त्याचा पत्ता द्यायचा. त्यानंतर त्या खोलीतली अ‍ॅप्टची ओळ शहरातल्या महाविद्यालयासारखीच चालते, उलट केबलमुळे जास्त वेगाने.

शिरपूरला साठवणीची गोष्ट वेगळी समजावावी लागत नाही. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी इथले नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले आणि वाहून जाणारं पाणी जागच्या जागी जमिनीत मुरवलं. ‘शिरपूर पॅटर्न’ बघायला महाराष्ट्रभरातून लोक आले. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र याच तालुक्यात तेच पॅकेज शहरातले शेकडो विद्यार्थी रोज नव्याने उतरवतात, आणि तीस किलोमीटरवर ते एकदाही पोचत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे वेगवान जोडणी आहे, डिस्क आहेत, शिकाऊ हात आहेत. त्यांनी डेबियन, उबुंटू, टेक लाइव्ह आणि पायथनची नेहमीची पॅकेजं यांचं एक कोठार ठेवलं आणि वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडताना व दिवाळीनंतर, त्याच्या प्रती तालुक्यातल्या शाळांच्या डिस्कवर भरून दिल्या, तर खर्च डिस्कचा आणि एका दिवसाच्या प्रवासाचा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी यापेक्षा उपयोगी विषय मला सुचत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. केरळने हे राज्यभर करून दाखवलं आहे. तिथला आयटी@स्कूल प्रकल्प २००१ चा. पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला. शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करायची, पाठ्यपुस्तकात जे जे सॉफ्टवेअर आहे ते सगळं तिच्यात आधीच भरायचं, ही त्यांची रीत. ‘काइट जीएनयू लिनक्स’ ही त्याच वाटेवरची. एकदा बसवली की शिक्षकाला नेटवरून काही आणावं लागत नाही. आपल्याकडे तुकडे आहेत, जोडणी नाही. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट वाडीतल्या शाळेत ‘एक मूल एक लॅपटॉप’ प्रकल्पाचे भारतातले पहिले लॅपटॉप आले; ते लॅपटॉप इंटरनेटशिवाय एकमेकांशी बोलू शकत, आणि आजही शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प तर थेट आपल्या कामाचा आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे धडे, त्यांपैकी कितीतरी मराठी आवाजात, आणि सगळे डिस्कवर घेऊन नेटशिवाय चालवता येतील असे. कोठाराच्या त्याच डिस्कवर सॉफ्टवेअरशेजारी त्याचा धडा ठेवा, म्हणजे बसवलेलं वापरलंही जाईल. नेटशिवाय वाचू देणाऱ्या किविक्समधून मराठी विकिपीडिया ठेवा, ऑफलाइन धड्यांचं कोलिब्री ठेवा. क्युबात तर दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटचा ‘पाकेते’ हार्ड डिस्कवरून घरोघर जातो. मालिका, बातम्या, अ‍ॅप, सगळं त्यातच.

बऱ्याच प्रयोगशाळांत आणखी एक वाट चालते: एक संगणक नीट तयार करायचा आणि क्लोनझिलाने त्याची हुबेहूब प्रत सगळ्यांवर उतरवायची. पहिल्या दिवसासाठी हे उत्तमच. पण सहा महिन्यांनी एक पॅकेज वाढवायचं झालं तर पुन्हा सगळ्या प्रती काढणं आलं. म्हणून प्रत काढून ठेवा आणि कोठारही ठेवा. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

आता भीतीचा भाग, आणि ती भीती रास्त आहे. नेट नाही म्हणून व्हायरस नाही, ही समजूत पेनड्राइव्हने कधीच मोडीत काढली. फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस ज्या शाळेने बघितला नाही अशी शाळा विरळा. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट तर इराणच्या नतांझ अणुप्रकल्पातल्या, बाहेरच्या जगाशी मुद्दाम तोडलेल्या यंत्रणेत घुसला होता, आणि पेनड्राइव्ह ही त्याची मुख्य वाट मानली जाते. मग आणलेल्या पॅकेजवर विश्वास कसा ठेवायचा?

डेबियनने हे काम चोख करून ठेवलं आहे आणि त्याला नेट लागत नाही. कोठाराच्या मुळाशी ‘रिलीज’ नावाची फाइल असते, तिच्यावर प्रकल्पाची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये याद्यांचे ठसे, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजाचा ठसा. पॅकेजात एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. सही तपासायची किल्ली संगणकावर आधीपासून असते. म्हणजे माल बैलगाडीतून आला तरी शिक्का शाबूत असतो, फक्त शिक्क्यासकट आणायला हवा. सुटी फाइल उचलून आणली तर ही साखळी तुटते, कारण डीपीकेजी सुट्या फाइलची सही तपासत नाही. आणि घाईत स्वतःचं फोल्डर कोठार म्हणून दाखवताना ‘यावर विश्वास ठेव’ असा पर्याय टाकला, तर आपणच पहारेकऱ्याला झोपवतो. पूर्ण कोठार जसंच्या तसं नेण्याचा माझा आग्रह निम्मा याचसाठी आहे.

या साखळीत एक अडथळा असा येतो की माणूस चक्रावून जातो. त्याच शाळेत, सगळा साठा नीट नेऊनही, तीन संगणक कोठार नाकारत होते. संदेश होता, रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. फाइल भविष्यातली कशी असेल? संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तेव्हा कळलं. मदरबोर्डवरचा बटनसेल संपला होता. प्रत्येक वेळी वीज गेली की तो संगणक मागच्या कुठल्यातरी १ जानेवारीला परत जात होता. नेट असतं तर वेळ आपोआप दुरुस्त झाली असती. मुख्याध्यापकांनी शहरातून सेल मागवले, आठवीतल्या त्या मुलानेच ते बसवले आणि तिन्ही संगणक रांगेत आले. तेव्हापासून माझ्या पिशवीत डिस्कसोबत सेलांची पट्टी असते.

शेवटी जुन्या संगणकांबद्दल बोलायला हवं, कारण दानात मिळणारे संगणक बहुतेक जुने असतात आणि त्यांतले बरेच बत्तीस-बिटचे. उबुंटूने २०१७ पासून त्यांच्यासाठी डेस्कटॉपची डिस्क काढणं थांबवलं. ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यासाठी इन्स्टॉलर उरला नाही. राहता राहिली डेबियन १२, जिला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. नेट असलेल्या माणसाला ही फक्त बातमी. बत्तीस-बिटचे पाच संगणक असलेल्या शाळेसाठी मात्र डेबियन १२ चं बत्तीस-बिट कोठार आजच डिस्कवर उतरवून घेणं आवश्यक आहे, कारण जुन्या आवृत्त्या पुढे मुख्य कोठारातून हलवून अभिलेखात ठेवतात आणि मग पत्ते शोधत बसावं लागतं. मी अशा दोन डिस्क भरल्या आहेत. एक त्या शाळेच्या लोखंडी कपाटात आहे, कागदी पट्टीवर आवृत्ती, प्रोसेसरची जात आणि भरल्याची तारीख लिहून. दुसरी माझ्याकडे, पहिली बिघडली तर.